डिझेल, गॅस आणि भाभीचा डबा

आमच्या घरात गेल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त वापरला गेलेला शब्द ‘गॅस’ आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा. भाभीच्या तोंडी गॅस म्हणजे शेगडीचा. अम्मीच्या तोंडी पोटाचा. भाईजानच्या तोंडी सीएनजी. आणि माझा भाचा रात्री मोबाइलमध्ये ज्या अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघत बसतो, चाकावरचं अख्खं घर ट्रकच्या मागे बांधून डोंगर चढणाऱ्या लोकांचे, त्यांच्या तोंडी गॅस म्हणजे चक्क पेट्रोल. गॅसोलीन या शब्दाचं लघुरूप. ‘गॅस घ्यावी की डिझेल’ असा त्यांचा जन्माचा वाद चालतो. भाच्याने पंधरा दिवस ते व्हिडिओ ऐकले आणि बापाला येऊन सांगितलं, “अब्बा, अमेरिकेत लोक घरं सुद्धा गॅसवर ओढतात. आपण सीएनजीच घेऊ.”

भाषेची शिक्षिका असल्याचा घरात फारसा उपयोग होत नाही. त्या दिवशी झाला. मी त्याला सांगितलं, बेटा, ते पेट्रोलबद्दल बोलताहेत, आणि त्यांचं ते पेट्रोलचं इंजिन पाच-सहा लिटरचं असतं. आपल्या छोट्या सीएनजी गाडीचं सव्वा लिटरचं सुद्धा नसतं. तो हिरमुसला. पण तेव्हापासून या गाडीच्या हिशेबात मला ओढून घेतलं गेलं. “फुफीला विचारा” हे वाक्य सुरू झालं, आणि मी आयुष्यात स्कूटीपलीकडे काही चालवलेलं नसताना गाड्यांचे कागद वाचू लागले.

थोडं घराबद्दल सांगते. आम्ही मनियार. मंगरुळपीर तालुक्यात आमचं गाव. आजोबा डोक्यावर टोपली घेऊन गावोगावी बांगड्या भरायला जायचे, अब्बांनी सायकल घेतली, भाईजानने २०१० च्या सुमारास जुना छोटा हाथी घेतला. टाटांची ती ‘एस’ गाडी २००५ साली बाजारात आली आणि पाच-सात वर्षांत आमच्यासारख्यांच्या दारात पोहोचली. मी बी.एड. करून जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत लागले, मराठी शिकवते. भाईजान बांगड्या विकतो. माल फिरोजाबादचा, गिऱ्हाईक सगळ्या जातींचं. पौषापासून वैशाखापर्यंत ही माणसं घरी कमी आणि जत्रेत जास्त असतात. शेगाव, माहूर, रामनवमीला पोहरादेवी, मार्गशीर्षात लोह्याजवळचं माळेगाव, होळीला सैलानी. बंजारा समाजातल्या बायका पोहरादेवीला हात भरून चुडे घेतात. त्या चार दिवसांत भाईजान जे कमावतो ते पावसाळ्याच्या दोन महिन्यांत मिळत नाही.

छोट्या हाथीने पंधरा वर्षं साथ दिली. आता त्याचा घाटात दम लागतो, दरवर्षी फिटनेससाठी आरटीओच्या दारात उभं राहावं लागतं आणि प्रत्येक वेळी काहीतरी निघतं. नवी गाडी घेणं ठरलं होतं. पण भाच्याच्या डोक्यात नुसती गाडी नव्हती. त्याला मागे जोडायचा डबा हवा होता. दहा फूट लांब, दोन चाकांचा, पत्र्याचा. आत दोन फळ्यांचे पलंग, शेगडीचा कट्टा, पाण्याची टाकी, आणि एका कोपऱ्यात पडदा नव्हे, दार असलेली न्हाणी. माल गाडीत, घर डब्यात. जत्रेत डबा सोडून ठेवायचा आणि गाडी मोकळी. सोयाबीनच्या हंगामात पंजाबातून हार्वेस्टर घेऊन येणाऱ्या माणसांकडे त्याने असं काहीतरी बघितलं होतं. अमेरिकेच्या व्हिडिओंनी बाकीचं काम केलं.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे पर्यटकांनी चाकावरच्या घरातून समुद्र आणि किल्ले बघत फिरावं. ते वाचून मला हसू आलं. आमच्या जत्रेतले पाळणेवाले, खेळणीवाले, मनियार, हे लोक पिढ्यान् पिढ्या चाकावरच संसार करतात, फक्त त्यांच्या संसाराला कोणी पर्यटन म्हणत नाही.

असो. प्रश्न असा होता की हा डबा ओढायला गाडी कोणती?

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला फळ्यावर चित्र काढून समजावलं, तेच मी घरी जाऊन सांगितलं. पेट्रोल काय किंवा सीएनजी काय, हवेत मिसळलेलं इंधन आत घेतात, दहा-बारा पटींपर्यंत दाबतात आणि ठिणगीने पेटवतात. डिझेलला ठिणगी लागत नाही. तिथे नुसती हवा सोळा-अठरा पट दाबली जाते. ती दाबानेच इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की आपोआप भडका होतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाचं हे इंजिन १८९७ मध्ये पहिल्यांदा नीट चाललं. पुढे १९१३ मध्ये तो एका बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला, पण ती गोष्ट वेगळी.

गावात मी ते दुसऱ्या भाषेत सांगितलं. डिझेल म्हणजे बैल, सीएनजी म्हणजे घोडा. घोडा धावतो छान, पण चिखलात रुतलेली गाडी जागेवरून हलवायला बैलच लागतो. कागदावर या जागच्या ओढीला टॉर्क म्हणतात. अडीच लिटर डिझेलच्या पिकअपला तो दोनशे न्यूटन-मीटरच्या घरात मिळतो, आणि तोही इंजिन हळू फिरत असताना. सव्वा लिटरच्या आतल्या छोट्या सीएनजी गाडीला शंभराच्या आसपास, आणि त्यासाठी इंजिन जास्त पळवावं लागतं. त्यात पेट्रोलच्या इंजिनात गॅस सोडला की गॅस हवेची जागा खातो, त्यामुळे ताकद दहा-बारा टक्के आणखी घटते. मोठ्या इंजिनाच्या सीएनजी पिकअपही आता निघाल्या आहेत, त्यांची ओढ डिझेलइतकी असते. पण त्यांच्या किमतीपर्यंत आमचा हात पोहोचत नव्हता.

आमच्या मालाचं आणखी एक आहे. काच. चढावर उभी गाडी सोडताना क्लच जळेपर्यंत रेटावी लागली, तर झटका बसतो, आणि प्रत्येक झटक्याला पेटीच्या तळातले काही डझन जातात. माहूरच्या चढावर भाईजान खाली उतरून चाकामागे दगड लावतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

मग सीएनजीच्या बाजूने काय होतं? पैसा. निदान तसं वाटत होतं. मी भाईजानची डायरी घेतली. तो प्रत्येक फेरीचे किलोमीटर लिहून ठेवतो, अब्बांची सवय. वर्षाला साडेआठ हजार निघाले. डिझेल पिकअप कधी डब्यासह, कधी डब्याविना, सरासरी साडेदहा देईल असं धरलं, तर आठशे दहा लिटर. लिटरला ९१ धरले तर ७३,७१०. छोटी सीएनजी गाडी किलोला पंधरा देईल असं धरलं, तर पाचशे सदुसष्ट किलो, किलोला ९२ रुपयांनी ५२,१६४. फरक साडेएकवीस हजारांचा. भाचा खूश.

पण त्या गाडीच्या टाकीत साधारण बारा किलो गॅस मावतो, म्हणजे एकशे ऐंशी किलोमीटर. वर्षातून सत्तेचाळीस वेळा भरावा लागणार. निम्म्या वेळा पंप वाटेत लागेल, निम्म्या वेळा मुद्दाम जावं लागेल. आमच्या गावापासून तो वीस किलोमीटरवर, जाऊन-येऊन चाळीस. त्यात आणखी सहा हजारांचा गॅस जळतो. उरले पंधरा हजार. आणि पंपावरची रांग मी हिशेबात धरलेली नाही. आमच्या ओळखीच्या पंपावर गॅस नळाने येत नाही, ट्रकवर लादलेल्या सिलिंडरच्या पिंजऱ्यांतून येतो. पिंजरा रिकामा होत आला की दाब उतरतो आणि टाकी अर्धीच भरते. गॅस दोनशे बारच्या दाबाने भरायचा असतो, दाब कमी म्हणजे माल कमी. समृद्धी महामार्गाच्या कडेने गेलची मुंबई–नागपूर–झारसुगुडा पाइपलाइन टाकली आहे. हा महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून, कारंजा, शेलूबाजार, मालेगाववरून जातो. त्या नळाचा गॅस गावोगावच्या पंपांवर पोहोचला की चित्र बदलेल. पण जत्रा यंदाची आहे.

मी भाच्याला सांगितलं, रोज दीडशे किलोमीटर चालणाऱ्या माणसाने सीएनजी जरूर घ्यावी, त्याचे पैसे दोन वर्षांत वसूल होतील. दिल्लीच्या बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सीएनजीवर न्यायला सांगितल्या, त्या दिवसभर एकाच शहरात फिरतात, रात्री डेपोत येतात. आपली गाडी वर्षातले अडीचशे दिवस उभी असते. उभ्या गाडीला कोणतंही इंधन लागत नाही.

हे सगळं मी प्रामाणिकपणे मांडलं, पण वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. मी मनातून सीएनजीच्या बाजूने होते. छोट्या, लंगड्या सीएनजीच्या. कारण तिला डबा ओढता आला नसता.

माझी भाची यंदा दहावीला आहे, माझ्याच शाळेत. पाचवीपासून तिची हजेरी माझ्या डोळ्यांसमोर आहे. जूनपासून दिवाळीपर्यंत सरळ रेघ, आणि मग जानेवारीपासून खाचा. चार दिवस शेगाव, आठ दिवस सैलानी, सहा दिवस पोहरादेवी. आतापर्यंत खाचाच होत्या, कारण झोपायला जागा नाही म्हणून भाईजान तिला मोठ्या जत्रांनाच न्यायचा. डबा आला की संसार पूर्ण निघणार. पोरीला मागे ठेवण्याचं कारणच उरणार नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहं काढली, निदान त्यांचं स्थलांतर कागदावर तरी आलं. जत्रेवर जाणाऱ्यांची मुलं आमच्या हजेरीपटावर नुसती ‘गैरहजर’ असतात. वर्गातल्या तीन मुली मी अशाच जाताना बघितल्या आहेत. शाळा सोडल्याचा दाखला कोणी मागायला सुद्धा आलं नाही.

त्यात दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सैलानी होळीला. या दोन तारखा एकमेकींना चिकटून येतात.

तर मी कागदावर आकडे मांडत होते आणि मनात डब्याच्या विरोधात होते. मग एका रात्री भाभी बोलली. ती सहसा बोलत नाही. भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “आपा, तुम्ही सैलानीला कधी रात्रीच्या राहिल्या का?”

नाही राहिले. मी दिवसा जाऊन आले आहे. दर्ग्यावर डोकं टेकवायला येणारी हिंदू-मुसलमान गर्दी, नारळांची ती प्रचंड होळी, नंतरचा संदल, हे मी बघितलं आहे, त्यावर मागे लिहिलंही आहे. पण रात्र मी बघितली नव्हती. भाभीने सांगितली. दुकानाच्या मागे ताडपत्री बांधून झोपायचं. माल आणि पोरगी, दोन्ही अंगाखाली घेऊन. आंघोळ पहाटे तीनला, दोन साड्या धरून, कारण नंतर उजेड होतो. दुपारनंतर पाणी प्यायचं नाही, म्हणजे रात्री शेतात जावं लागणार नाही. गेली दोन वर्षं, २०२४ आणि २०२५, सैलानी रमजानमध्ये आली आणि येत्या वर्षीही रमजानमध्येच येणार आहे. वाऱ्यात शेगडी पेटत नाही, पाच-सहा काड्यांनंतर पेटते, तोवर सहरीची वेळ निघून जाते. नुसत्या पाण्यावर रोजा धरून दिवसभर उकिडवं बसून बायांचे हात दाबत बांगड्या चढवायच्या.

“मला बंगला नाही पाहिजे,” ती म्हणाली. “मला एक दार पाहिजे. आतून कडी लागणारं.”

मी त्या रात्री वही मिटली. दुसऱ्या दिवशी भाईजानला म्हटलं, डबा घ्यायचा. आता ओढणारी गाडी बघू.

ओढणं या शब्दाभोवतीच सगळे फिरत होते, ते आमच्या मिस्त्रींनी थांबवलं. वाशिमच्या गॅरेजमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. ते म्हणाले, “मॅडम, ओढेल का हे सगळे विचारतात. थांबेल का, हे कोणी विचारत नाही.” आठ-नऊशे किलोचा डबा उतारावर गाडीला मागून ढकलतो. डिझेलचं इंजिन ओढायला पहिलवान, पण पाय काढल्यावर रोखायला तितकं नाही, कारण हवेची वाट अडवणारी झडप त्यात तशी नसते. म्हणूनच मोठ्या ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लावतात. मिस्त्रींच्या मते डब्याला स्वतःचा ब्रेक हवा, नाहीतर डबा नको. आणि डब्यात वजन ठेवताना चाकांच्या पुढे जास्त, मागे कमी. जोडावर डब्याच्या वजनाचा दहावा-बारावा हिस्सा यायला हवा. मागे वजन गेलं की डबा शेपटीसारखा डुलतो आणि गाडीला घेऊन रस्त्याबाहेर जातो. हा दहावा हिस्सा गाडीच्या भारातून वजा करायचा, म्हणजे तितक्या बांगड्या कमी. भाईजानचा चेहरा तेव्हा पडला.

त्यांनीच शेगडीचंही सांगितलं, आणि ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. गाडीचा सीएनजी गळला तर वर उडून जातो, हवेहून हलका असतो. शेगडीचा गॅस जड, तो खाली साचतो, बंद डब्यात जमिनीलगत पाण्यासारखा भरतो. म्हणून डब्याच्या तळाला जाळीची भोकं, आणि सिलिंडर बाहेरच्या पेटीत. सगळे गाडीच्या गॅसला घाबरत होते. खरी भीती भाभीच्या शेगडीची होती.

आणि माणसं कुठे बसणार? चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवता येत नाहीत, कायद्याने नाही आणि अकलेनेही नाही. साध्या पिकअपच्या केबिनमध्ये चालक आणि एखाद-दुसरा. आतापर्यंत आमची पोरं मालावर बसून गेली. आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडापासून जत्रेपर्यंत सगळेच असे जातात, आणि अपघात झाला की विमा कंपनी म्हणते, ही मालाची गाडी, ही माणसं आमच्या हिशेबात नाहीत. मी यावर अडून बसले. जितकी माणसं तितक्या सीटा, नाहीतर माझा एक रुपया मिळणार नाही.

रुपयाचं निघालंच तर तेही सांगते, कारण शेवटी इंधन त्यानेच ठरवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला, आणि शोरूमवाल्यांचे फोन सुरू झाले. नवी गाडी, थोडा भरणा, बाकी हप्ते. भाईजान व्याजाचं कर्ज घेत नाही. अब्बांनी घेतलं नाही, तो घेणार नाही. यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. माझ्या घराचं कर्ज बँकेचं आहे, आणि मी त्यावर रात्री जागलेही आहे. पण त्याचा निर्णय त्याचा. मग रोखीत जे बसेल ते. बिशीचे पैसे, भाभीच्या दोन पाटल्या, माझी थोडी भर. रोखीत म्हणजे जुनी गाडी. आणि वाशिम-अकोल्याच्या जुन्या बाजारात उभ्या असलेल्या पिकअप जवळजवळ सगळ्या डिझेलच्या. सीएनजी इकडे उशिरा आली, तिच्या जुन्या गाड्या अजून बाजारात यायच्या आहेत, आणि ज्या आल्या त्यांच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची चाचणी झालेली नव्हती. म्हणजे इतके महिने आम्ही इंजिनावर वाद घालत होतो, आणि ज्याला व्याज नको त्याच्यासाठी बाजाराने उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं.

एक मात्र निवडायचं राहिलं होतं. १ एप्रिल २०२० च्या आधीची डिझेल की नंतरची? नंतरच्या बीएस-६ गाड्यांचा धूर कमी, पण त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते. ती जळून साफ व्हायला गाडी बराच वेळ एका दमात पळावी लागते. गाव ते बाजार, बाजार ते गाव अशा छोट्या फेऱ्यांत ती तुंबते आणि बिल येतं. मिस्त्री म्हणाले, आधीची घ्या, मी दुरुस्त करू शकतो. शिक्षिका म्हणून मला धुराचं वाईट वाटलं. वर्गात मीच निबंध लिहून घेते, ‘प्रदूषण : एक समस्या’. पण गाडी जत्रेत बंद पडली तर निबंध कामाला येत नाही.

शेवटी घेतली ती बोलेरो कॅम्पर. २०१९ ची, डिझेल, पाच माणसांची केबिन आणि मागे हजार किलोचा हौदा. भाच्याच्या लायसन्सचा प्रश्न होता. तो साधं हलक्या वाहनाचं आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तेच चालतं असं स्पष्ट केलं, त्यामुळे तो मिटला. डबा बनवायला टाकला, ब्रेकसह, आणि ब्रेकमुळे न्हाणी सहा इंच लहान झाली. भाभीने स्वतः जाऊन दोन्ही हात पसरून मोजली आणि चालेल म्हणाली. कडी तिने बाजारातून आणून दिली. पितळी.

माझी अट एकच होती आणि ती मी सगळ्यांसमोर घातली. डबा जाईल, भाभी जाईल, पोरगी परीक्षा संपेपर्यंत जाणार नाही. ती माझ्याकडे राहील. भाईजानने मान हलवली. चिडली ती पोरगीच. “फुफी, मनगट बघून माप सांगणारी घरात मी एकटीच आहे,” ती म्हणाली. “अम्मीला अडीच आणि सव्वादोनमधला फरक रात्रीच्या बल्बमध्ये दिसत नाही. मी नाही गेले तर गिऱ्हाईक शेजारी जाईल.” हे खरं आहे. तिच्या हाताखाली बांगडी फुटत नाही, मी बघितलं आहे. सैलानीच्या धंद्यात तिच्याविना किती घट येईल, हे माझ्या वहीत नाही. भाईजानच्या डायरीत मात्र पुढच्या होळीला ते दिसेल.

डबा दिवाळीनंतर आला. ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते, तिचे कागद अजून झालेले नाहीत, आणि नंबर पडेपर्यंत तो जोडायचा नाही असं ठरलं आहे. त्यामुळे शेगावची जत्राही बहुधा जुन्याच ताडपत्रीवर होईल. भाभी एक शब्द बोलली नाही. डबा अंगणात विटांवर उभा आहे. घरात अम्मीचा खोकला, टीव्ही, पाहुणे. भाची शाळेतून आली की बीजगणिताची वही घेऊन त्यात जाऊन बसते आणि आतून कडी लावते.